हीटर बंद, तरी पाय भाजतात: जुन्या एमजीबीच्या केबिनमधली नको असलेली उष्णता कशी कमी करावी

आई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला आली होती. ऑगस्टातला रविवार होता, बाहेर हवा छान होती, म्हणून तिला घेऊन एमजीबीतून गावाबाहेर निघालो. अर्ध्या तासात आईने चपला काढल्या आणि पाय सीटवर घेतले. "अरे, खाली तवा तापतोय की काय? हीटर बंद कर ना." हीटर बंदच होता. नॉब थंडच्या टोकाला, ब्लोअर बंद. तरी तिच्या पायाशी हात धरला तर गरम हवेचा सरळ झोत लागत होता.

त्या दिवसापासून पुढचे तीन-चार शनिवार मी या एका गोष्टीत घातले. माझी गाडी १९६९ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स कारचं पक्क्या छताचं रूप. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि घरच्या घरी हात घालायला ही गाडी फार सोयीची आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलं. आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. म्हणून ज्यांच्या ॲम्बॅसडरला हीटर बसवलेला आहे त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. हीटर नसेल तर व्हॉल्व्हचा भाग सोडा आणि भोकं, सायलेन्सरचा पाइप, तळाचा पत्रा हे भाग वाचा.

मोठी चूक मी सुरुवातीलाच केली, ती आधी सांगतो. गाडी गरम होते म्हटल्यावर मी चंदेरी इन्सुलेशनची मोठी गुंडाळी मागवली आणि गालिचे उचकटून सगळीकडे चिकटवली. फरक नावापुरता पडला. कारण उष्णता तळातून थोडी आणि हीटरच्या डब्यातून पुष्कळ येत होती. उष्णता कुठून येते हे शोधल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका.

हा हीटर चालतो कसा

इंजिनाच्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या जाड धातूच्या झाकणाच्या) मागच्या टोकाला, उजव्या बाजूला, एक छोटा व्हॉल्व्ह दोन नटांनी बसवलेला असतो. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर कॉक म्हणतात. हेडमधलं गरम पाणी या कॉकमधून रबरी होजने हीटरच्या डब्यात जातं. डब्यात छोट्या रेडिएटरसारखी जाळी असते, तिच्यातून फिरून ते पाणी परतीच्या पाइपने रेडिएटरच्या खालच्या होजकडे येतं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा नॉब केबलने हा कॉक उघडतो आणि बंद करतो. दुसरा नॉब हवा काचेकडे जाणार, पायांकडे जाणार की बंद राहणार हे ठरवतो.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली: बाहेरून येणारी हवा जाळीला वळसा घालून केबिनमध्ये येऊच शकत नाही. काचेच्या पायथ्याशी असलेल्या झरोक्यातून हवा शिरते आणि जाळीतून होऊनच पायांशी येते. आजच्या गाड्यांत आत एक झडप असते, ती हवेला जाळीच्या बाजूने काढून देते, म्हणून आत सतत गरम पाणी फिरत असलं तरी चालतं. एमजीबीत सगळा भार त्या एका कॉकवर. तो थेंबभर गळका असला तरी जाळी गरम राहते, आणि गाडी वेगात असताना ब्लोअर न लावताही झरोक्यातून दाबाने हवा आत येत राहते.

दुसरी: हीटरचा डबा केबिनमध्ये नसून बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर बसवलेला असतो. कॉक पूर्ण बंद असला तरी डब्याची सीलं गेलेली असतील तर बॉनेटखालची तापलेली हवा डब्यावाटे आत ओढली जाते.

सुरुवातीच्या वर्षांत इंग्लंडात हीटर हा एमजीबीसाठी वेगळे पैसे मोजून घ्यायचा भाग होता. थंडीत पाय शेकणं हीच तेव्हाची गरज. उन्हाळ्याचा विचार फारसा झालेलाच नाही.

आधी तपासणी

एक मोकळी सकाळ काढा. लागणाऱ्या वस्तू: साधा थर्मामीटर, शक्य असेल तर लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी, टॉर्च, वही.

गाडी सावलीत लावा. जीटीला काच भरपूर, उन्हात उभी केली तर सूर्याचीच उष्णता मोजली जाईल. तापमानाचा नॉब पूर्ण थंडवर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवून आणा. परत आल्यावर इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. पंख्याचं पातं आणि पट्टा यांपासून बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवा. आता कॉकपासून डब्याकडे जाणाऱ्या होजला, कॉकपासून वीतभर अंतरावर, बोट लावा. कॉक स्वतः हेडला चिकटलेला असल्याने तो गरम असणारच, त्याला हात लावून काही कळत नाही. वीतभर पुढे होज कोमट असेल तर ठीक. माझ्या गाडीत बोट एक क्षणही टेकवत नव्हतं. परतीचा पाइपही तेवढाच गरम होता. म्हणजे बंद कॉकमधून पाणी खुशाल वाहत होतं.

दुसरी चाचणी झरोक्याची. काचेच्या पायथ्याचा झरोका चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि त्याच रस्त्याने, तेवढाच वेळ चालवा. थर्मामीटर दोन्ही वेळा एकाच जागी, डाव्या सीटच्या पायाशी, गालिच्याला न टेकता लटकवा. झरोका बंद केल्यावर तापमान एकदम उतरलं तर दोष हीटरच्या वाटेत. फारसा फरक पडला नाही तर उष्णता भोकांतून किंवा पत्र्यातून येते.

तिसरी चाचणी रात्रीची, आणि मला ती फार आवडते. इंजिन पूर्ण गार असताना बॉनेटखाली झगझगीत टॉर्च ठेवा, बॉनेट अलगद टेकवा, गॅरेजमधले दिवे घालवा आणि आत बसून डॅशबोर्डखाली डोकं घाला. अंधार डोळ्यांना सरावला की जिथे जिथे भोक आहे तिथे उजेडाचा ठिपका दिसतो. मला सात ठिपके दिसले. एक तर करंगळी जाईल एवढा, जुन्या वायरीसाठी कुणीतरी पाडलेला आणि तसाच सोडलेला. ठिपके खडूने खुणा करून ठेवा. भोकं शोधायला उदबत्ती किंवा मेणबत्ती बॉनेटखाली नेऊ नका. कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या नळ्या तिथेच आहेत.

सगळं वहीत लिहा: कोणत्या चाचणीत किती, डावीकडे किती, उजवीकडे किती. पुढे प्रत्येक काम झाल्यावर हीच फेरी पुन्हा मारायची.

केबल: फुकटातली दुरुस्ती

होज गरम लागला की लगेच नवा कॉक मागवू नका. कैक वेळा कॉक चांगला असतो, केबलच त्याला शेवटपर्यंत ढकलत नाही. नॉब थंडच्या टोकाला गेलेला असतो, पण केबलचं वरचं आवरण क्लिपमधून सरकल्यामुळे कॉकची दांडी अर्ध्यातच थांबते.

इंजिन गार करा. कॉकच्या दांडीवरचा बारीक स्क्रू सैल करून केबलची तार सोडवा. दांडी बोटाने बंदच्या दिशेला शेवटपर्यंत फिरवा. ती सहज फिरली पाहिजे. अडखळत असेल तर सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाकून दहा-पंधरा वेळा पुढेमागे करा. मग आत जाऊन नॉब पूर्ण थंडवर ठेवा, बाहेर येऊन दांडी पूर्ण बंद स्थितीत धरून ठेवा आणि त्या अवस्थेत तार आवळा. आवरणाची क्लिप घट्ट आहे ना, तेही बघा. ती सैल असेल तर तार ढकलण्याऐवजी आवरणच मागे सरकतं. उन्हाळ्यापुरतं तरी कॉक पूर्ण बंद होणं जास्त महत्त्वाचं. गरमच्या टोकाला दोन मिलिमीटर कमी उघडला तर काही बिघडत नाही.

पुन्हा फेरी मारा. होज कोमट झाला असेल तर तुमचं अर्धं काम फुकटात झालं.

कॉक बदलणं

माझ्या गाडीत केबल ठीक होती, कॉकच्या आतलं सील गेलं होतं. काम दोन तासांचं, पण घाईने करायचं नाही.

नवा कॉक हातात आला की गाडीला लावण्याआधी त्याची परीक्षा घ्या. दांडी बंद करा, होज लागतो त्या तोंडाला स्वच्छ नळीचा तुकडा लावा आणि फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. मी मागवलेला पहिला कॉक कोराकरकरीत, डब्यातून काढलेला, आणि फुंकल्यावर सूं करून हवा गेली. तो परत पाठवला, दुसरा चांगला निघाला. ही एक मिनिटाची परीक्षा चुकवली असती तर सगळं पाणी काढून, सगळं बसवून पुन्हा तिथेच आलो असतो.

इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं पाणी उसळतं आणि तोंडावर येतं. झाकण काढून खालच्या होजमधून किंवा तोटी असेल तर तोटीतून दोन-अडीच लिटर कूलंट (वर ज्याला पाणी म्हटलं तेच, गोठू नये म्हणून रसायन मिसळलेलं) रुंद भांड्यात काढा. गाडीत एकूण साडेपाच लिटरच्या आसपास असतं, सगळं काढायची गरज नाही, पातळी हेडच्या खाली गेली की पुरे. कूलंट स्वच्छ असेल तर हेच पुन्हा भरता येतं. गढूळ, तपकिरी असेल तर सगळंच बदला. भांडं उघडं ठेवून चहाला जाऊ नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

होजची क्लिप सैल करा. होज वर्षानुवर्षं बसून कॉकला चिकटलेला असतो. तो ओढू नका, थोडा पिळून बघा, सुटत नसेल तर धारदार पात्याने उभी चीर देऊन काढा आणि नवा लावा. अर्ध्या इंची होज स्वस्त असतो. तशीच दांडगाई डब्याच्या बाजूच्या तोटीवर करू नका. ती जाळीला जोडलेली पातळ नळी आहे, पिळली की जाळीच गळायला लागते, आणि मग सगळा डबा काढावा लागतो.

आता दोन नट. पाने इंची मापाचे लागतात. मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना घातलात तर नटाचे कोपरे झिजतील. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलेलं असावं. नट अडला तर जोर लावण्याआधी थोडा आवळून बघा, मग सोडवा, पुन्हा थोडा आवळा, असं पुढेमागे करत आणा. स्टड हेडमध्ये तुटला तर हे दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं.

कॉक निघाला की हेडच्या भोकात स्वच्छ चिंधीचा बोळा घाला, म्हणजे जुन्या गॅस्केटचे तुकडे आत पडणार नाहीत. बोथट पातं घेऊन जागा साफ करा. बोट फिरवून बघा, खडबडीत काही लागता कामा नये. बोळा काढायला विसरू नका, म्हणून त्याला लांब दोरा बांधून बाहेर सोडून ठेवा. नवं गॅस्केट, नवा कॉक, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. कॉकची चकती नाजूक असते. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात तर ती तडकते.

कूलंट भरताना तापमानाचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे जाळीतली हवा निघून जाईल. इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत थांबा, पातळी उतरली तर भरा, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा पातळी बघा.

कॉकच्या जोडीला एक तोटी

नवे कॉकही दोन-चार वर्षांत पुन्हा झिरपू लागतात. म्हणून मी कॉक आणि डबा यांच्यामधल्या होजमध्ये पितळी, पाव फेऱ्यात बंद होणारी तोटी बसवली आहे. उकळत्या पाण्याला चालणारीच घ्या. बागेच्या नळाची प्लास्टिकची तोटी इथे मऊ पडेल. होज कापून दोन्ही टोकं तोटीवर चढवायची, दोन्हीकडे चांगल्या क्लिपा लावायच्या, आणि तोटीचं वजन होजवर लटकणार नाही असा तिला आधार द्यायचा.

गाडीचं मूळ रूप जपायचं असेल आणि ही तोटी डोळ्याला खुपत असेल तर दुसरा उपाय आहे. कॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटच्या आकाराची, पण मधलं भोक नसलेली पातळ ॲल्युमिनियमची पट्टी बसवायची, दोन्ही बाजूंना एकेक गॅस्केट. वरून काही दिसत नाही आणि पाणी पूर्ण अडतं. हिवाळ्यात काढावी लागते एवढंच.

बरेच जण दोन्ही होज डब्यावरून काढून एकमेकांना जोडून टाकतात. एमजीबीत तसं करू नका. हेडमधलं गरम पाणी मग रेडिएटरमध्ये न जाता सतत पंपाकडे परतत राहतं आणि भर उन्हाळ्यात इंजिन जास्त तापतं. या गाडीत पाणी अडवणं बरोबर, कारण कॉक बंद असताना ते अडावं अशीच मूळ रचना आहे. मात्र प्रत्येक गाडीत असं नसतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला हीटरचीच वाट ठेवलेली असते, तिथे ती अडवली तर हेडचं नुकसान होतं. दुसऱ्या गाडीवर हा प्रयोग करण्याआधी तिचं वर्कशॉप मॅन्युअल उघडून पाण्याचा मार्ग बघा.

हीटरचा डबा आणि हवेची वाट

कॉक बदलला, होज गार, तरी पायाशी कोमट हवा येते, असं झालं तर डब्याकडे वळा. डब्यात जाळीभोवती आणि डबा भिंतीवर बसतो तिथे फोमच्या पट्ट्या असतात. पन्नास वर्षांत त्यांचा भुगा होतो. माझ्या गाडीत डबा उचलल्यावर खाली काळी पूड सांडली, सील म्हणून काही उरलंच नव्हतं.

डबा काढणं हे एमजीबीतलं कष्टाचं काम आहे, हे आधीच मान्य करून बसा. कूलंट काढायचं, दोन्ही होज, ब्लोअरच्या वायरी (बॅटरी आधी सोडवून), आतून काचेकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या, झडपेची केबल, मग कडेचे स्क्रू. सगळं सुटलं तरी डबा लगेच येत नाही, कारण त्याची खालची नळी भिंतीतल्या रबरात रुतलेली असते. डावीउजवीकडे हलवत, धीराने वर घ्या. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. एवढं केल्यावर जाळीही बाहेर काढून बागेच्या पाइपने दोन्ही दिशांनी धुवा. तिच्यातून गाळ निघतो तो बघण्यासारखा असतो.

नव्या पट्ट्या बंद छिद्रांच्या फोमच्या घ्या. उशीतला स्पंज पाणी पितो आणि पत्रा गंजवतो. झडप पूर्ण मिटते का, तिच्या कडेचा फोम शाबूत आहे का, हे डबा हातात असतानाच बघा.

झरोक्याखालच्या पोकळीतून पावसाचं पाणी जाण्यासाठी एक रबरी नळी खाली सोडलेली असते. ती गळून पडली असेल तर बॉनेटखालची गरम हवा त्याच भोकातून वर चढते आणि सरळ हीटरच्या तोंडात जाते. कचऱ्याने तुंबली असेल तर पाणी केबिनमध्ये येतं. नळी दोन मिनिटांत तपासून होते, आणि बहुतेकांच्या लक्षात ती येतच नाही.

आणखी एक. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलली की गरम हवा बाहेर जाते, असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत ढकलली जाते, आणि सिग्नलला उभं असताना जी काही बाहेर येते ती शेजारच्या झरोक्यातून तुमच्याच पायाशी येते. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर नीट बसवा, कड उचलू नका.

भोकं बुजवणं

रात्री खडूने खुणा केलेल्या आहेतच. वायरींची, केबलींची, स्पीडोमीटरच्या केबलची रबरी ग्रोमेटं (भोकाच्या कडेला बसणारी कडी) कडक होऊन फुटलेली असतात. ती योग्य मापाची नवी आणा. स्टीअरिंगचा दांडा भिंतीतून येतो तिथलं सील, पेडल बॉक्सखालचं गॅस्केट आणि गिअरच्या दांड्याखालचा रबरी बूट, ही तीन ठिकाणं मोठी गुन्हेगार. काही वर्षांच्या गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल बघण्यासाठी दोन सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यावर रबरी बूच असतं, गालिच्याखाली असल्याने ते हरवलेलं कुणाला कळतही नाही.

मोकळ्या भोकांना पत्र्याची चकती आणि उष्णता सोसणारं सीलंट लावा. फवारून फुगणारा पिवळा फोम वापरू नका. तो पाणी धरून ठेवतो आणि आग लागली तर भडकतो.

हे काम फक्त आरामासाठी नाही. ज्या भोकातून गरम हवा येते त्याच भोकातून सायलेन्सरचा धूरही येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. केबिनमध्ये इंजिनाचा वास येत असेल, डोकं दुखत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरच्या पाइपकडे नेणारा ओतीव भाग) आणि पाइपचे सांधे तपासा.

डावा पाय जास्त का भाजतो

एमजीबीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या डाव्या बाजूला आहे आणि तिथून पाइप डाव्या पायांच्या जागेजवळून खाली उतरतो. इंग्लंडात आणि भारतात डावीकडे बसतो तो सोबती. म्हणून मी चालवत असताना मला जे जाणवलं नाही ते आईला अर्ध्या तासात जाणवलं. तपासणी करताना डाव्या सीटवर स्वतः बसा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

इथे चांगला उपाय म्हणजे पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियमची ढाल, दोन्हीकडून बोटभर मोकळी हवा ठेवून. चमकदार पत्रा उष्णता परत फेकतो तो समोर मोकळी हवा असेल तरच. दोन थरांमध्ये दाबून बसवला की तोच पत्रा उष्णता पुढे पोचवतो. माझी पहिली चंदेरी गुंडाळी याच कारणाने वाया गेली, ती पत्रा आणि गालिचा यांच्यामध्ये चेपून बसली होती.

पाइपला गुंडाळायची पट्टी मिळते, ती उष्णता नक्की कमी करते. पण तिच्याखाली ओल धरून पाइप लवकर गंजतो, आणि इंजिनाचं तेल गळत असेल तर पट्टी तेल पिते आणि पेट घेऊ शकते. गळती थांबवल्याशिवाय ती लावू नका. मी लावलेली नाही.

जुन्या गाड्यांत कार्बोरेटरमागच्या ढालीवरच्या गाद्यांत आणि काही गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडी घासू नका, तारेच्या ब्रशने खरवडू नका. शंका असेल तर हात न लावता जाणकाराकडून तपासून घ्या.

तळाचा पत्रा

इन्सुलेशनची पाळी आता, शेवटी. गालिचे काढा, जुना तागाचा थर काढून टाका. तो ओलावा धरतो आणि एमजीबीचे तळ आणि सिल (दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या) त्यानेच सडतात. गंज असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग प्रायमर, रंग. त्यावर बंद छिद्रांचा फोम, पाच ते दहा मिलिमीटर जाडीचा. भिंतीचा खालचा भाग, मधला बोगदा आणि डाव्या पायाखालचा तळ, एवढं केलं तरी बहुतेक लाभ मिळतो. जास्त जाड थर लावला की गालिचा पेडलच्या आड येतो. ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून, ॲक्सिलरेटर मोकळा परत येतो का ते बघूनच गालिचा पक्का करा.

इंजिन आणि खिडक्या

इंजिनच जास्त तापत असेल तर वरचं सगळं तोकडं पडेल. या गाडीला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट नेहमीचा, उष्ण प्रदेशासाठी ७४चा आणि कडक थंडीसाठी ८८चा. ८८चा बसलेला असेल तर तो बदला. ८२ऐवजी ७४ लावून केबिनमध्ये मात्र फार फरक पडत नाही. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर मॅनिफोल्ड जास्त तापतं, ते एकदा लावून घ्या.

आत आलेली हवा बाहेर जायलाही वाट हवी. जीटीच्या मागच्या बाजूच्या छोट्या काचा बिजागरीवर उघडतात. त्या उघडल्या आणि पुढच्या त्रिकोणी काचा थोड्या फिरवल्या की चालत्या गाडीत हवा वाहती राहते. दारांच्या काचा पूर्ण खाली करून जेवढं वारं लागतं त्यापेक्षा हे मला सुखाचं वाटतं, आणि आईला बोलताना आवाजही चढवावा लागत नाही.

वर्षभराची सवय

तोटी बंद असली की जाळीतलं पाणी महिनोन्महिने साचून राहतं आणि गाळ धरतं. म्हणून महिन्यातून एकदा, संध्याकाळी गार हवेत, तोटी आणि कॉक दोन्ही उघडून दहा मिनिटं गाडी चालवा. साचलेल्या पाण्यातही कूलंटचं प्रमाण बरोबर हवं, नाहीतर थंडीत ते गोठून जाळी फुटते. ऑक्टोबर लागला की तोटी कायमची उघडा. काचेवरचं धुकं घालवायला या गाडीत दुसरं साधन नाही.

एखाद्या लांब चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडून ब्लोअर लावणं हा जुना, खात्रीचा उपाय आहे. जाळी तेवढ्यापुरती दुसरा रेडिएटर होते. पण तोटी बंद असेल तर नॉब फिरवून काहीच होणार नाही, आधी कडेला थांबून, इंजिन बंद करून तोटी उघडावी लागेल. हे ऐन वेळी आठवावं म्हणून मी तोटीच्या दांडीला लाल दोरा बांधला आहे, आणि तोटी बंद असेपर्यंत तसाच एक दोरा गाडीच्या किल्लीलाही असतो.